सर्चच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि अण्णांना सगळं कळलं

आयर्विनपलीकडे | १७ जानेवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मी इथं बहुतेक वाचनमात्र असते. पाककृतीच्या धाग्यांवर दोन-चार प्रश्न विचारले असतील, तेवढंच. हे कुठल्या विभागात टाकावं कळेना म्हणून तंत्रज्ञानात टाकतेय, संपादकांना वाटलं तर हलवा.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ७४ वर्षांचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी राजापुरीचा भाव काय निघाला हे कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. ऑक्टोबरात कावीळ झाली, उतरेना. मिरजेला दाखवलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत गेलेला. पित्ताच्या नळीत स्टेंट टाकल्यावर कावीळ उतरली. आम्ही भावंडांनी अण्णांना सांगितलं की नळीत खडा अडकला होता, आता हळूहळू ताकद येईल. हे बरोबर केलं की चूक, हा धाग्याचा विषय नाही. कृपया.

खरं काय ते मला कुणाला विचारताच येत नव्हतं. आईसमोर बोलायची सोय नाही, भाऊ विषय काढला की रडतो. मग रात्री ओटा आवरला की तिथंच उभी राहून मोबाईलवर विचारायचे.

स्वादुपिंड कॅन्सर चौथी स्टेज किती दिवस
चौथ्या स्टेजमधून कोणी बरं झालंय का
शेवटी फार दुखतं का
वडिलांना कॅन्सर सांगावा का
पतसंस्था ठेव वारस नोंद कागदपत्रं

असे साठ-सत्तर तरी असतील. एकच प्रश्न शब्द फिरवून फिरवून विचारलेला, जणू सहाव्यांदा विचारल्यावर उत्तर बदलणार होतं.

माझा जुना टॅब मी भाच्याला क्लाससाठी दिला होता. अकाउंट माझंच राहिलं त्यावर. कुणाच्या लक्षात येतंय. परवा सौद्याचा दिवस. अण्णांनी टॅब मांडीवर घेतला आणि भाव बघायला सर्चच्या पट्टीवर बोट ठेवलं. अजून 'ह'सुद्धा टाइप केला नव्हता. खाली यादी उघडली, प्रत्येक ओळीच्या डावीकडे ते बारकं घड्याळाचं चिन्ह.

संध्याकाळी मी कामावरून परस्पर तिकडं गेले तर चष्मा पुसत बसले होते. आई देवघरात. हळू आवाजात म्हणाले, "चौथी म्हंजी शेवटचीच का गं? का पाचवी पण असती?"

कुणी हॅक केलं नाही, कुणी पासवर्ड चोरला नाही. आता मला सारखं एकच डोक्यात येतंय. एका टॅबवरून हे झालं. हेच जिथं साठवलेलं असतं तिथून फुटलं तर किती घरांत काय काय होईल? आणि असं कधी कुठं झालंय का?

मिरजेची_मावशी | १८ जानेवारी, सकाळी ६:१०

ताई, वाचून पोटात कालवलं. अण्णांना सांभाळा. मी तीस वर्षं वॉर्डात काढलीत, एवढंच सांगते की पेशंटला बहुतेक वेळा आधीच अंदाज असतो. विषय नको म्हणालात म्हणून पुढं बोलत नाही.

रोखठोक_६२ | १८ जानेवारी, सकाळी ८:३३

धागाकर्तीबद्दल सहानुभूती आहे, पण मूळ चूक लपवण्यात आहे, मोबाईलमध्ये नाही. वडिलांना आधीच सांगितलं असतं तर हा प्रसंग आला असता का? माझा फोन बायको, मुलगा, सून कुणीही उघडावा. ज्याला लपवायचं नाही त्याला भीती कसली? उगाच बाऊ करायची फॅशन आली आहे.

जुना_मोडेम | १८ जानेवारी, सकाळी ९:४७

@आयर्विनपलीकडे, "असं कधी झालंय का" याचं उत्तर देतो. झालंय, आणि मी त्यात हात धुऊन घेतलेत.

२००६ साल. मी तेव्हा पुण्यात हिंजवडीला नोकरीत. एओएल नावाची अमेरिकन कंपनी तेव्हा इंटरनेट सेवा आणि सर्च दोन्ही चालवायची. तिच्या संशोधन विभागानं ४ ऑगस्टला अभ्यासकांसाठी म्हणून एक फाइल सगळ्यांना खुली करून टाकली. साधारण साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत केलेले दोन कोटी सर्च. नावं काढून प्रत्येकाला एक नंबर दिला होता. त्यांना वाटलं, झालं काम, आता कोण ओळखतंय. तीन दिवसांत बोंब झाली आणि फाइल काढली, पण तोवर ती जगभर उतरवून झाली होती. आमच्या ऑफिसातही.

चूक काय झाली बघा. नाव काढलं, पण एका माणसाचे सगळे सर्च एकाच नंबराखाली ओळीनं राहिले. माणूस आपल्या गावातला माळी शोधतो, आपल्याच आडनावाचे लोक शोधतो, आपल्या कॉलनीतल्या घरांचे भाव बघतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या दोन पत्रकारांनी एवढ्यावरून एका नंबराचा माग काढला आणि थेट तिच्या दारात जाऊन उभे राहिले. जॉर्जिया राज्यातली ६२ वर्षांची विधवा बाई. यादीत होतं, बोटं बधिर होतात, साठीतले एकटे पुरुष, कुत्रं घरभर मुततंय. यादी तिचीच निघाली.

आता ऐका, यासाठी एवढं टाइप केलं. त्या यादीत आजारांची भलीमोठी रांग होती. वाचणाऱ्याला वाटावं बाई अंथरुणाला खिळली असणार. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे आजार तिच्या मैत्रिणींचे होते. त्यांना धीर देण्यासाठी ही बघून ठेवायची.

आम्ही काय केलं? जेवणाच्या सुट्टीत कुठलाही नंबर काढायचा आणि मोठ्यानं वाचायचा. लोक हसून खाली पडायचे. एका नंबरात बायकोला कसं मारायचं याचे सर्च होते, त्याला आम्ही खुनी ठरवून मोकळे. तो खुनी होता, की रहस्यकथा लिहिणारा, की रात्री क्राइम मालिका बघून उठलेला कुणी, हे यादीवरून ठरत नाही. पण डबा संपेपर्यंत आमचा निकाल लागलेला असायचा.

कंपनीच्या तंत्रज्ञान प्रमुख बाईंनी राजीनामा दिला, संशोधक आणि त्याचा साहेब घरी गेले. फाइल मात्र अजून इंटरनेटवर फिरते. माझ्या जुन्या हार्डडिस्कवर होती. काल हा धागा वाचल्यावर रात्री उठून डिलीट केली. वीस वर्षांनी.

रोखठोक_६२ | १८ जानेवारी, सकाळी १०:०५

वीस वर्षांपूर्वीची अमेरिकेतली गोष्ट. आता सिक्युरिटी पुढं गेली.

जुना_मोडेम | १८ जानेवारी, सकाळी १०:२२

काका, २०२० च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग ॲपचा एक सर्व्हर पासवर्डाविना उघडा सापडला होता. साडेसहा टीबी, म्हणजे ढीगभर माहिती. कधी, कुठल्या फोनवरून काय शोधलं, सगळं साध्या अक्षरांत. नाव नव्हतं, पण ज्यांनी लोकेशन चालू ठेवलं होतं त्यांच्या जागेचे ढोबळ अक्षांश-रेखांश होते. आपल्या भागाचे अक्षांश-रेखांश दिल्यावर नाव कशाला लागतंय?

आणि अँटिव्हायरसवाल्या ॲव्हास्टचं तर विचारूच नका. राखण करायला ठेवलेलं कुत्रंच कोंबड्या विकत होतं. लोक कुठल्या साइटवर जातात ही माहिती पोटकंपनीमार्फत विकली म्हणून २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लागले.

फोल्डरवाला | १८ जानेवारी, दुपारी ३:१५

माझं मोबाईल रिपेरीचं दुकान हाय स्टेशन रोडला. दुकानाचं नाव सांगत न्हाई, तुमी बी वळखू नका.

लोक डिस्प्ले फुटला की फोन देत्यात आन लॉकचा पॅटर्न कागदावर काढून देत्यात. द्यावाच लागतो, कारण फोल्डर, म्हंजी नवा डिस्प्ले, बसवल्यावर टच चालतोय का ते बघावं लागतं. टच बघायला कीबोर्ड उघडावा लागतो, आन कीबोर्ड उघडायला सगळ्यात जवळ काय, तर सर्च. उघडला की खाली यादी येतीच. मी न बघायचं ठरवलं तरी डोळं असत्यात की ओ माणसाला.

काय दिसतं सांगू? तुमाला वाटंल घाण. घाण बी असती, ती सगळ्यांच्यात असती, त्याचं काय न्हाई. पन जास्त करून दुखनीच. गाठ, रक्त, केस गळती, पाळी चुकली. आन पैसं. सोनं तारण, ॲपवरचं कर्ज फेडलं न्हाई तर घरी येत्यात का. एका मानसाचं, लई मोठा मानूस, बंगला हाय इस्रामबागला, त्याच्यात होतं "पोरगा बोलत न्हाई काय करावं". तवापास्नं तो गाडीतनं गेला की मला कसंतरी होतंय.

पन एक सांगतो, इथं पयल्यांदाच. दोन वर्षामागं एक कॉलेजचं पोरगं आलं. फोन चालू करून बघताना वर आलं, "जगायचा कंटाळा आलाय काय करू". त्याच दिवशीचा. पोरगं समोर स्टुलावर बसलेलं, घड्याळ बघत. मी म्हनलं, टच हँग मारतोय, तासभर लागंल, बस. चा मागवला. भडंग मागवलं. दोन तास बसवून घेतला. क्रिकेट, गाव, आई काय करती, ह्येच. मधनंच रडाय लागलं. मग त्याच्याकडनंच भनीला फोन लावून घेतला, ती कुपवाडास्नं आली.

आता सांगा, मी बघाय नगं होतं? मला अजून कळत न्हाई.

मिरजेची_मावशी | १८ जानेवारी, दुपारी ४:०२

@फोल्डरवाला, दादा, यादी कुणाच्या हातात पडते यावर आहे सगळं. तुम्ही चहा मागवलात. दुसऱ्यानं स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला असता. (कुणाला गरज असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात.)

माहेर_विटा | १८ जानेवारी, रात्री ९:३०

रोखठोक काकांसाठी लिहिते. "लपवायचं नाही त्याला भीती कसली."

माझं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात एकच चांगला फोन, तो नवऱ्याचा. एका दुपारी तो झोपला असताना त्यावर शोधलं, "नवरा मारतो तक्रार कुठे करायची". वाचलं, पुसलं, फोन होता तिथं ठेवला. फोनमधून पुसलं, पण अकाउंटमध्ये राहतं हे मला कुठं माहीत.

मी तक्रार करणार होते का? काका, मलाच माहीत नव्हतं. मी फक्त विचारून बघत होते, भाजीवाल्याला न घेता भाव विचारतात तसं. पण त्यानं वाचलं तेव्हा त्याच्यासाठी ते ठरलेलं होतं. त्या रात्री मी चप्पल न घालता शेजारच्या काकूंच्या घरी गेले. पुढचं लिहीत नाही. आता बरी आहे, माझा फोन आहे, पगार आहे.

एवढंच म्हणायचंय की मी काही लपवत नव्हते. माझं ठरायचं होतं. ते ठरायच्या आधी त्याच्या हातात गेलं.

रोखठोक_६२ | १८ जानेवारी, रात्री १०:१२

ताई, माझा प्रतिसाद मागे घेतो. तुमच्या बाबतीत तरी.

अर्धा_कप | १९ जानेवारी, सकाळी ११:०५

वातावरण जड झालंय, पण एक प्रयोग करूया का? जुना_मोडेम म्हणतात नाव काढून उपयोग नाही. मला थोडी अतिशयोक्ती वाटते. अमेरिकेतला पत्रकार म्हणजे सगळे सांगलीकर नव्हेत. माझे वर्षभरातले खरेखुरे सर्च टाकतो, नाव नाही, काही नाही. ओळखा पाहू.

१. आयर्विन पूल पाणी पातळी आज (हा जून-ऑगस्टमध्ये किमान शंभर वेळा)
२. तबला शाई निघाली दुरुस्ती मिरज
३. भागीदारी संस्थेचे विसर्जन सोडवलेली उदाहरणे
४. पायाची जखम दोन महिने भरत नाही
५. गादी वॉटरप्रूफ कव्हर डबल बेड
६. एमएच १० पासिंग जुनी स्कूटर नूतनीकरण
७. घसा बसला रोज बोलावं लागतं उपाय

कोर्टकचेरी | १९ जानेवारी, सकाळी ११:१४

३ आणि ७ वरून अकाउंट्सचे मास्तर. बारावी कॉमर्स.

तासगावची_माणिकचमन | १९ जानेवारी, सकाळी ११:१७

पातळी शंभर वेळा बघतो म्हणजे नदीच्या अंगाला घर. विश्रामबागेतला माणूस ४० फूट होईपर्यंत बघत पण नाही. हा जूनपासूनच बघतोय, म्हणजे पाणी ज्यांच्याकडे पहिल्यांदा शिरतं त्यातला. सूर्यवंशी प्लॉट, नाहीतर कर्नाळ रोड.

फोल्डरवाला | १९ जानेवारी, सकाळी ११:२६

तबला वाजिवतो. जुनी स्कूटर ठेवल्याली हाय, इकत न्हाई. म्हंजी पन्नाशीच्या फुडं.

कोर्टकचेरी | १९ जानेवारी, सकाळी ११:३१

४ म्हणजे शुगर. दोन महिने जखम भरत नाही म्हणजे चांगलीच वाढलेली. आणि ५... घरात कुणीतरी अंथरुणात करतंय. वृद्ध आई किंवा वडील. किंवा स्वतःच. सर, हलकं घ्या, प्रयोग आहे.

बारावी_ड | १९ जानेवारी, सकाळी ११:४३

अहो सर!! तुम्ही ना? गॅदरिंगला तुम्ही तबला धरायचात. हिरवी स्कूटर. भागीदारीच्या विसर्जनाला फळ्यावर "आता यांची भांडणं झाली" असं लिहायचात! नाव लिहीत नाही, पण मला शंभर टक्के खात्री आहे. सर, शुगरचं माहीत नव्हतं. काळजी घ्या. आमच्या बॅचच्या ग्रुपवर सांगू का, एकाचे काका डायबेटिसचे डॉक्टर आहेत?

अर्धा_कप | १९ जानेवारी, दुपारी १२:२०

३८ मिनिटं. मी मधल्या वेळात फक्त भात लावून आलो.

बारावी_ड, ग्रुपवर कृपया काही सांगू नकोस. मास्तर मीच, स्कूटर तीच, घर सूर्यवंशी प्लॉटमध्येच. पण मला शुगर नाही. जखम आमच्या वॉचमनच्या पायाला आहे, तो दवाखान्यात जायला तयार नव्हता म्हणून मी वाचत होतो. आणि गादीचं कव्हर पुरासाठी. २०१९ ला चार गाद्या गेल्या, तेव्हापासून मे संपला की गाद्या कव्हरात घालून माळ्यावर. अंथरुणात कुणी करत नाही हो. आई ८८ वर्षांची आहे, तिनं हे वाचलं तर कोर्टकचेरीसाहेबांना शोधून काढेल.

गंमत म्हणून सुरू केलं होतं. पण "शुगर" वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते कॉलेजच्या मॅनेजमेंटचं. माझी मुदतवाढ याच वर्षी आहे. खोटं आहे हे मला माहीत असूनही घाबरलो.

जुना_मोडेम | १९ जानेवारी, दुपारी १२:४१

माणूस बरोबर ओळखला, त्याच्याबद्दलचं चूक. त्या विधवा बाईचं नेमकं हेच झालं होतं. सर्चमध्ये माणूस अर्धंच वाक्य टाकतो, उरलेलं वाचणारा आपल्या मनानं भरतो. आणि आपल्या गावात वाचणाऱ्याकडं भरायला माल भरपूर असतो. अमेरिकेत पत्रकाराला कॉलनीतल्या घरांचे भाव लागले, इथं हिरवी स्कूटर पुरली.

@अर्धा_कप, २०१६ च्या सुमारास जर्मनीत असाच प्रयोग मोठ्या प्रमाणात झाला होता. स्वेआ एकर्ट ही पत्रकार आणि आंद्रेआस डेव्हेस हा डेटावाला. मार्केटिंग कंपनी असल्याचं सोंग घेऊन तीस लाख जर्मन लोकांच्या ब्राउझिंगची माहिती मिळवली, तीही नमुना म्हणून फुकटात. बरीचशी ब्राउझरला जोडलेल्या फुकट एक्स्टेन्शनमधून गोळा झालेली. त्यात एक न्यायाधीश सापडले, ते रात्री काय बघतात यासकट. कायद्यानं गुन्हा काहीच नाही. पण उद्या त्यांच्यासमोर केस असलेल्या माणसाच्या हातात ती यादी पडली तर?

कोर्टकचेरी | १९ जानेवारी, दुपारी २:०८

आधी सरांची आणि मातोश्रींची जाहीर माफी.

कायद्याचं विचारणार असाल तर थोडक्यात. पुट्टस्वामी खटल्यात २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. डेटा फुटला तर ज्याचा फुटला त्याला कळवायचं, सुरक्षेत ढिलाई असेल तर २५० कोटींपर्यंत दंड. तो दंड सरकारजमा होतो. माहेर_विटा ताईंच्या चपला त्यातून येत नाहीत.

आणि घरगुती, वैयक्तिक कारणासाठी एका माणसानं दुसऱ्याची माहिती हाताळली तर हा कायदा तिथं लागूच होत नाही. म्हणजे धागाकर्तीचा टॅब, नवऱ्यानं बघितलेला फोन, ग्रुपवर फिरवलेला स्क्रीनशॉट, यांतलं बरंचसं बाहेरच. धमकी, बदनामी, मारहाण असेल तर त्याची कलमं वेगळी आहेत, ती वापरा.

तासगावची_माणिकचमन | १९ जानेवारी, दुपारी ३:३६

म्हणजे कंपनीनं फोडलं तर कायदा, सासूनं फोडलं तर नशीब.

अवांतर: सर, वॉचमनची जखम बरी झाली का?

अर्धा_कप | १९ जानेवारी, दुपारी ४:१०

झाली. शेवटी त्यालाच शुगर निघाली. कोर्टकचेरींचं निदान बरोबर, माणूस चुकला.

बारावी_ड | १९ जानेवारी, रात्री ८:०४

सॉरी सर. ग्रुपवर मी सकाळी "सरांना बरं नाही वाटतं" एवढंच टाकलं होतं, तुमचा प्रतिसाद यायच्या आधी. डिलीट केलंय. पण ४१ जणांनी वाचलं होतं.

मी आता सर्च वापरत नाही फारसं, सगळं एआयलाच विचारते. तिथं तरी बरं ना?

जुना_मोडेम | १९ जानेवारी, रात्री ८:३०

तिथं तर आपण अर्धं वाक्यही ठेवत नाही, अख्खी कहाणी सांगतो. २०२५ च्या उन्हाळ्यात चॅटजीपीटीवर शेअर केलेल्या गप्पा गुगलच्या निकालांत दिसायला लागल्या होत्या. शेअर करताना एक चौकोन टिक केला की त्या शोधता यायच्या, आणि टिक करणाऱ्या बऱ्याच जणांना त्याचा अर्थ कळला नव्हता. बोंब झाल्यावर कंपनीनं ती सोय काढली.

मिरजेची_मावशी | १९ जानेवारी, रात्री ९:१५

हे सगळं ठीक, पण करायचं काय ते कुणीतरी सोप्या भाषेत सांगा. माझा नातू म्हणतो इनकॉग्निटो लाव.

जुना_मोडेम | १९ जानेवारी, रात्री ९:५०

मावशी, इनकॉग्निटोनं एवढंच होतं की खिडकी बंद केल्यावर त्या फोनवर यादी उरत नाही. ज्या साइटवर गेलात तिला तुम्ही दिसताच. याच मुद्द्यावर गुगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं. पण घरातल्या माणसापासून आडोसा म्हणून उपयोगी आहे, नाही असं नाही. वायफाय ज्याचं त्याला सहसा कुठल्या साइटवर गेलात ते कळतं, तिथं काय टाइप केलं ते कळत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरचं मात्र काही सांगता येत नाही, त्यात ऑफिसनं काहीही घालून ठेवलेलं असू शकतं.

खरी यादी फोनमध्ये नसते, अकाउंटमध्ये असते. गुगलच्या अकाउंटमध्ये 'माय ॲक्टिव्हिटी' उघडा. बसून बघा एकदा, जेवणाआधी बघू नका. तिथं आपोआप पुसायची सोय आहे, ३ महिने, १८ महिने की ३६ महिने असं विचारतं. ३ ठेवा. जुना फोन, टॅब, टीव्ही कुणाला देताना त्यावरून आपलं अकाउंट काढा, आणि अकाउंटच्या सुरक्षा पानावर कुठकुठल्या उपकरणांवर आपण अजून लॉगिन आहोत ते बघा. माझ्या यादीत मी २०२१ ला विकलेला फोन निघाला. ब्राउझरची फुकट एक्स्टेन्शन्स काढून टाका.

फोल्डरवाला | १९ जानेवारी, रात्री १०:२१

आन रिपेरीला देताना पॅटर्न द्यायच्या आदी ब्राउझर बंद करून द्या, अकाउंट काढता आलं तर त्याहून बरं. नव्या फोनात दुरुस्तीसाठी येगळा मोड असतो काय कंपन्यांचा, त्यो लावला की आतलं काय दिसत न्हाई, टच तेवढा बघता येतो. दुकानदाराला ईचारा. लाजू नका. आमाला बी बरं पडतं.

रोखठोक_६२ | २० जानेवारी, सकाळी ७:०२

काल रात्री माय ॲक्टिव्हिटी बघितली. २०१४ पासूनचं आहे. बायको गेली त्या आठवड्यातलंही. मी काय काय विचारलं होतं ते मलाच आठवत नव्हतं. एका रात्री अकरा वेळा एकच प्रश्न.

सून रोज माझ्या फोनवर लाइट बिल भरते. लॉक लावला आजपासून. बिल मी भरीन.

आयर्विनपलीकडे | २३ जानेवारी, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, दोन दिवस मिरजेतच होतो. अण्णांना पोटात पाणी झालं होतं, काढलं, आता घरी आहेत.

मावशी, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. त्यांना अंदाज होताच. नोव्हेंबरातच त्यांनी जुन्या अडत्याकडून आपला राहिलेला हिशेब मागवून घेतला होता, आम्हाला पत्ता नाही. आजाराचं कळलं त्याचं त्यांना फार काही वाटलेलं दिसत नाही. वाटलं ते वेगळ्याचंच. काल म्हणाले, "किती दिवस, ह्ये इचारलंस ते बरोबर केलंस. पण वारस नोंदीचं त्याच्या खालीच होतं."

मी समजावलं की अण्णा, ते दुसऱ्या दिवशीचं होतं. पतसंस्थेत एक म्हातारी आली होती, तिचं काम अडलं होतं, तिच्यासाठी बघितलेलं. यादीत एकाखाली एक दिसतं म्हणून. खरंच तसं होतं हो. ते "बरं बरं" म्हणाले. त्यांना पटलं की नाही मला कळलं नाही, आणि आता परत तो विषय कसा काढायचा तेही कळत नाही.

मिरजेची_मावशी | २४ जानेवारी, सकाळी ६:०५

त्या म्हातारीला एकदा घेऊनच जा अण्णांकडे. चहाला म्हणून.

तासगावची_माणिकचमन | २४ जानेवारी, सकाळी ९:१२

ताई, टॅबवरून तुमचं अकाउंट काढलंत ना?

आयर्विनपलीकडे | २४ जानेवारी, रात्री १०:४४

काढलं. भाच्यानं अण्णांना त्यांचं स्वतःचं अकाउंट उघडून दिलंय. सकाळी हळदीचा भाव त्यावरच बघतात, मग बराच वेळ टॅब घेऊन बसतात. काय बघतात माहीत नाही. पासवर्ड मला सांगितलेला नाही. विचारला तर म्हणाले, "तुझं तू बघतीस न्हवं?"

म्हातारीला रविवारी नेतेय.